शोभेच्या गवताला रोज पाणी कशाला?



उन्हाळा लागला की आपल्या बायकांच्या गप्पांत दोन विषय हमखास येतात. कुरडया-पापड्या आणि झाडांना पाणी. पैकी कुरडयांवर मागे लिहून झालं आहे. आज पाण्यावर लिहिते, आणि तेही झाडांच्या नव्हे, गवताच्या. हसू नका. हल्ली शहरातल्या बाल्कन्यांमध्ये तुळस आणि मोगऱ्यापेक्षा गवतच जास्त दिसतं. लाल-जांभळ्या पातीचं, कोल्ह्याच्या शेपटीसारखे तुरे येणारं ते फाउंटन ग्रास, पातीवर पिवळे आडवे पट्टे असणारं झेब्रा ग्रास, आणि कुंडीच्या काठावर गच्च बसणारं बुटकं मोंडो ग्रास. आमच्या वेळी गवत म्हणजे खुरप्याने काढून टाकायची वस्तू होती. आता ते विकत आणतात, आणि स्वस्तही नसतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ जायला नको. या गवताला रोज थोडं थोडं पाणी घालणं चुकीचं आहे. त्यात गवताचं भलं नाही, पाण्याचं नाही आणि आपलंही नाही. कधीतरी, पण पोटभर घालावं, आणि मग हात आवरावा. हे मी कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. एका बाल्कनीत आणि एका शेतात पाहिलं, त्यावरून सांगते.

आधी बाल्कनी.

मागच्या वर्षी महावीर जयंती झाल्यावर मी दोन महिने मुलाकडे पुण्याला होते. सुनेचं ऑफिस, नात सहा महिन्यांची, त्यामुळे आजीची गरज होती. त्यांची बाल्कनी पश्चिमेला. तिथे चौदा कुंड्या, सगळ्या बारा इंची, सगळ्यांत शोभेचं गवत. सुनेने हौसेने एका नर्सरीवाल्याकडून सगळं एकदम करून घेतलं होतं. त्याने जाताना सांगितलं, "मॅडम, रोज पाणी घाला, बाकी काही बघायला नको." मग कामाला येणाऱ्या मावशी रोज सकाळी दोन बादल्या घेऊन बाल्कनीत जायच्या आणि मगाने भराभर ओतून पाच मिनिटांत मोकळ्या व्हायच्या.

मी गेले तेव्हा चौदापैकी सहा कुंड्या पिवळ्या पडल्या होत्या. सुनेला वाटलं, ऊन जास्त झालं, पाणी कमी पडतंय. म्हणून संध्याकाळीही एक बादली सुरू झाली. आठवड्यात आणखी दोन गेल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा वर येऊन सांगून गेल्या, की आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी टपकतं. आणि या सगळ्यात त्यांच्या सोसायटीत दर दोन दिवसांनी टँकर येत होता. जिन्यात नोटीस लावलेली होती, पाणी जपून वापरा.

मी कॉमर्सची पदवीधर. नोकरी कधी केली नाही, पण हिशेबाची खोड गेली नाही. पंधरा लिटरच्या दोन बादल्या, म्हणजे रोज तीस लिटर, आठवड्याला दोनशे दहा. आणि जमेच्या बाजूला काय? मेलेली गवतं. माझ्या वहीत अशी नोंद पडली की मला झोप येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नात झोपल्यावर मी एक पिवळी कुंडी आडवी करून माती बाहेर काढली. वास आला. गटाराजवळ येतो तसा, कुजका. मुळं काळी आणि मऊ. तिच्याखाली बशी होती आणि बशीत कायम पाणी. मग बशी नसलेली दुसरी कुंडी काढली, तीही वाळत चाललेली. तिचं गणित अगदी उलटं निघालं. वरची दोन बोटं माती ओली, आणि आत मधोमध सगळं कोरडं ठणठणीत, भाजलेल्या रव्यासारखं मोकळं. रोज दोन लिटर पाणी पिणारी कुंडी आतून कोरडी!

कोडं सुटायला मला दोन दिवस लागले. मुलंबाळं होळीला आठ दिवस बाहेरगावी गेली होती, तेव्हा कुंड्या पार वाळल्या. त्यात कोकोपीट भरपूर. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की आकसतं, कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी पटकन धरत नाही. वरून मग ओतला की पाणी त्या कडेच्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर, आणि खालच्या बाईंच्या साडीवर. आपल्याला वाटतं, पाणी खालून आलं म्हणजे झाड तृप्त झालं. ते नुसतं कुंडीला प्रदक्षिणा घालून गेलेलं असतं.

म्हणजे रोजच्या त्याच दोन बादल्यांनी काही गवतं बुडून मेली आणि काही तहानेने. दोघांचीही पाती पिवळी, त्यामुळे वरून कळायला मार्ग नाही. म्हणून पात पिवळी दिसली की लगेच झारी उचलायची नाही. आधी बोट. दोन पेरं बोट मातीत घालायचं. ओल लागली तर परत फिरायचं. त्याहून चांगली खूण म्हणजे कुंडीचं वजन. पाणी घातल्यावर एकदा कुंडी थोडी तिरपी उचलून बघा आणि ते वजन हाताला लक्षात ठेवू द्या. गॅसचं सिलिंडर हलवून आपण किती दिवस जाईल ते सांगतो की नाही? तसंच. आठवड्याभरात हात शिकतो.

तहानेची खरी खूण गवत स्वतःच दाखवतं. पात लांबीत गुंडाळून घेतं, सुरळीच्या वडीसारखी नळी करतं. अंगावरून उडणारं पाणी कमी व्हावं म्हणून. पण दुपारी दोनला पात मिटली म्हणून धावू नका, ती उन्हापुरती असते. सकाळी सातलाही मिटलेलीच असेल तर समजा की आता खरंच तहान आहे. आणि उलट, सकाळी पातीच्या टोकाला मोत्यासारखा थेंब दिसला तर तो दरवेळी दव नसतो. मातीत ओल भरपूर असली की गवत रात्रीत ते पाणी टोकावाटे बाहेर सोडतं. असा थेंब दिसला त्या दिवशी सुट्टी. माझ्या शेजारीण श्वेतांबर आहेत. त्या म्हणाल्या, आमच्या उत्तराध्ययन सूत्रात माणसाचं आयुष्य कुशाच्या टोकावरच्या दवबिंदूसारखं म्हटलं आहे. म्हटलं, बाई, तुमचा दृष्टान्त बरोबर, मी फक्त तो थेंब कुठून येतो ते बघतेय.

आता किती घालायचं? जमिनीत नवीन लावलेल्या गवताला पहिल्या मोसमात आठवड्याला साधारण पंचवीस मिलिमीटर पाणी हा ढोबळ हिशेब धरतात. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर. बारा इंची कुंडीचं तोंड काढलं तर चौरस मीटरच्या सात टक्के. म्हणजे एका वेळेला पावणेदोन लिटर. जमिनीत हे आठवड्याला पुरतं. पुण्याच्या एप्रिलमध्ये, पश्चिमेच्या बाल्कनीत, कुंडीला ते आठवड्यातून दोनदा द्यावं लागलं, आणि मी दोन लिटर धरलं. चौदा कुंड्या, दोन लिटर, दोन वेळा. छप्पन्न लिटर. कुठे दोनशे दहा आणि कुठे छप्पन्न!

पण ते छप्पन्न लिटर कसे घातले ते जास्त महत्त्वाचं. झारीने, सावकाश, आधी अर्धं, मग दहा मिनिटं थांबून उरलेलं. पहिल्या अर्ध्याने माती भिजते, फुगते, कडेची फट बुजते, आणि दुसरं अर्धं खालपर्यंत पोचतं. फारच वाळलेल्या कुंड्या मी एकेक करून बादलीत बुडवून ठेवल्या, बुडबुडे थांबेपर्यंत. पाणी गड्ड्याच्या मधोमध ओतायचं नाही, भोवतीने मातीवर घालायचं. गवताचा नवा कोंब खालून, अगदी बुडातून येतो. तिथे सारखी ओल राहिली की ते कुजतं, आणि मग वर कितीही छान पाती असोत. वर सुक्या पानांचा दोन बोटं थर दिला, माती झाकली गेली.

यामागचं कारण साधं आहे. गवताची मुळं तंतुमय, पाण्याच्या मागे जाणारी. रोज वरच्या इंचात पाणी मिळालं तर ती वरच्या इंचातच पसरतात आणि एक दिवस चुकला की झाड मान टाकतं. खोल पाणी दिलं आणि मध्ये वरची माती सुकू दिली तर मुळं खाली उतरतात. जमिनीत लावलेलं गवत वर्षभराने पुरतं रुजलं की त्याला फार कडक उन्हाळा सोडला तर फारसं बघावंही लागत नाही. वाळ्याची मुळं जमिनीत माणसाच्या उंचीपेक्षाही खोल जातात. त्याला कोण रोज मग घेऊन जातं?

इथे माझी एक चूक सांगते. सगळ्या कुंड्यांना एकच नियम लावला आणि एक जिवंत झाड मारलं. त्या चौदांत एक छत्रीसारखं होतं, उंच काडी आणि वर पात्यांची छत्री. नर्सरीवाल्याने तेही ग्रास म्हणूनच दिलेलं. मी त्याला चार दिवस कोरडं ठेवलं आणि ते तपकिरी झालं. नंतर कळलं की ते गवतच नाही. ते आपल्या शेतातल्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या गोतातलं, चिखलात पाय बुडवून उभं राहणारं. लहानपणी लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवली की तीन कडा लागायच्या ते मला माहीत होतं, पण पुण्याच्या अकराव्या मजल्यावर ते आठवलं नाही. मोंडो ग्रासही खरं गवत नव्हे. त्याला सावली आणि थोडी कायमची ओल आवडते. तेव्हा नर्सरीतून आणताना नाव विचारा, आणि ते कुठे वाढतं तेही विचारा. सुनेला मी तेव्हाच सांगितलं, हे माझ्या हातून गेलं. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून माझं बाकीचं ऐकायला लागली. सासूने चूक कबूल केली की निम्मी कामं होतात, हा अनुभव घेऊन बघा.

आणि बशा. बशीत पाणी साठवू नका हे मी हात जोडून सांगते. आपल्याला त्याचं कारण इतरांपेक्षा जास्त कळायला हवं. साठलेल्या पाण्यात उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मध्येच अळ्या दिसल्या की आपण अडकतो. ओतून दिलं तर त्या जिवांचा घात, ठेवलं तर घरात लहान मूल आहे. तो प्रसंगच येऊ द्यायचा नाही, म्हणून पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने बशी रिकामी करायची. कुंडीत मुंग्या असतील तर पाणी एका बाजूने हळूहळू सोडायचं, त्या दुसऱ्या बाजूने निघून जातात, अंडी उचलूनसुद्धा नेतात. मावशींच्या मगाने त्यांना ती सवड कधी मिळाली असेल?

सोसायटीच्या ग्रुपवर तेव्हा एक सल्ला फिरत होता. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घाला. ऐकायला फार छान. सुनेने पाइप काढून बादलीत सोडलाही होता, आणि मावशींची एक बादली त्याचीच असायची. मी कुंड्या पुसायला घेतल्या तेव्हा काठाला आणि मातीवर पांढरा थर दिसला. बोटाने खरवडला. बोटावरची ती पांढरी पूड बघून मी पाच मिनिटं बाल्कनीत नुसती बसून राहिले. सून विचारत होती, "आई, काय झालं? चक्कर आली का?"

चक्कर नव्हती. मला अण्णांचं रान दिसलं होतं.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. कृष्णा आणि पंचगंगा जिथे मिळतात तो मुलूख, काळी कसदार जमीन. माझ्या लहानपणी आमच्यात शाळू, हरभरा, भुईमूग असायचा. मग नदीवरून पाणी उचलून आलं आणि सगळीकडे ऊस झाला. ऊसही गवतच, मैत्रिणींनो. वनस्पतीशास्त्रात तो गवताच्याच कुळात आहे. शोभेचं नाही एवढंच, पैशाचं. अण्णा दिवसा संसार बघायचे आणि रात्री वीज आली की कंदील घेऊन पाणी पाजायला जायचे. सऱ्या तुडुंब भरल्या की त्यांना समाधान वाटायचं. कुणी म्हटलं, अण्णा, आधीची ओल आहे अजून, तर म्हणायचे, "पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?"

दहा-पंधरा वर्षं ऊस जोरात आला. माझं लग्न, भावाचं शिक्षण त्याच उसावर झालं. मग सखल भागात रान दलदलीसारखं राहायला लागलं. जमिनीखालचं पाणी वर वर आलं, उन्हाने ते उडून जायचं आणि त्यातले क्षार वर राहायचे. एका उन्हाळ्यात मी माहेरी गेले तर रानात पांढरं पसरलेलं, जणू कुणी मीठ शिंपडलंय. ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायचा. आमच्याकडे त्याला क्षारपड म्हणतात. शिरोळ, मिरज, वाळवा, या पट्ट्यात अशी कितीतरी रानं गेली, आमचं एकट्याचं नव्हतं. त्या रानात शेवटी काय उगवलं माहीत आहे? लव्हाळा.

अण्णा ते बघायला रोज जायचे. बांधावर बसून यायचे. मला एकदा म्हणाले, "दुष्काळानं गेलं असतं तर देवाला बोल लावला असता." पुढे काही बोलले नाहीत. ते गेले तेव्हा ते तीन एकर तसंच पांढरं होतं.

म्हणून जास्त पाणी घालणं ही माया आहे असं मला कुणी सांगितलं की मी गप्प बसू शकत नाही. त्या कुंडीच्या काठावरचं पांढरं आणि अण्णांच्या रानातलं पांढरं एकाच जातीचं आहे. आरओ यंत्र चांगलं पाणी आपल्याला देतं आणि त्यातले क्षार उरलेल्या पाण्यात एकवटतात. तेच कुंडीत गेलं, वरून उडालं, की क्षार तिथेच. त्यात टँकरचं पाणी बोअरचं, मुळातच जड. त्या पाण्याने फरशी पुसा, बाथरूम धुवा. झाडांना द्यायचंच असेल तर कधीतरी, साध्या पाण्यात मिसळून. त्यापेक्षा डाळ-तांदळाचं धुवण द्या, एसीचं ठिबकणारं पाणी द्या. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि मे महिन्यात ते बरंच निघतं. आणि पावसाळ्यात कुंड्या चार दिवस सरळ पावसात ठेवा, साठलेले क्षार धुऊन निघतात. फक्त भोक बुजलेलं नाही ना ते बघा. निचरा नसेल तर पाऊसही घातच करतो.

आता थोडं घरातलं भांडण. आमच्या वन्सं बारा व्रतं घेतलेल्या, स्वभावाने कडक. त्यांना फोनवर हे सगळं सांगत होते तर म्हणाल्या, "वहिनी, मुळात शोभेसाठी झाड लावायचंच कशाला? एकेंद्रिय जीव, त्याला डब्यात कोंडायचं, त्याच्यासाठी पाण्याचे जीव खर्च करायचे, तोही नुसता डोळ्यांना बरं वाटावं म्हणून. हा आरंभ नाही का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचं निम्मं म्हणणं मला पटतं. मी स्वतःच्या घरी असं गवत विकत आणलेलं नाही, आणणारही नाही. माझ्याकडे परसात गवती चहाचं एक बेट आहे, तेवढं मला पुरे. पण सून आणते त्यावर मी तिला व्रतांची यादी वाचून दाखवू का? त्याने गवतही वाचणार नाही आणि सूनही दुरावेल. आणलेलं आहे, तर ते नीट जगवावं, आणि त्यासाठी लागेल तेवढंच पाणी खर्चावं, या मताची मी आहे.

आपण रत्नकरंड श्रावकाचार स्वाध्यायाला घेतो तेव्हा अनर्थदंडाचे पाच प्रकार पाठ करतो. त्यातली प्रमादचर्या आठवा. काही कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, झाडं तोडणं. समंतभद्र आचार्यांचा सगळा रोख 'कारण नसताना' यावर आहे. गृहस्थाला पाणी लागणारच. पण ओल्या कुंडीत पुन्हा ओतलेला मग, ज्याने झाड मरतं, तो कशात बसवायचा? मला तर प्रमादचर्येचं याहून स्वच्छ उदाहरण सापडत नाही. आणि गंमत बघा, आपण घरात पाणी दुहेरी फडक्याने गाळून घेतो, थेंब सांडला तर चुकल्यासारखं वाटतं, आणि बाल्कनीत कामवाल्या मावशी आपल्या नावाने दोनशे लिटर ओतून जातात ते आपल्या हिशेबात धरत नाही. माझी आजी पाणी गाळून झालं की गाळण्यावरची जिवाणी परत विहिरीतच सोडायची. वरून भिरकावायची नाही, बादली अलगद पाण्याला टेकवायची. तिला शाळेचं तोंड माहीत नव्हतं. पाणी किती आणि कुठे जातं, हे मात्र तिने कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

मावशींचा यात काही दोष नाही, हेही सांगायला हवं. त्यांना चार घरं करायची असतात आणि आपण सांगितलं तेच त्या करतात. मी त्यांना बोट घालून बघायला सांगितलं तेव्हा आधी हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, हे तर भाताच्या रोपासारखंच की." मुळशीकडच्या आहेत, शेती आहे थोडी. इतके दिवस त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ज्यांच्या बाल्कनीत टायमरवर चालणारी ठिबक नळी आहे त्यांनाही तेच सांगेन. ठिबक चांगलं, पण टायमरला डोळे नसतात. मागच्या जूनमध्ये धो धो पावसात समोरच्या इमारतीच्या बाल्कनीतली नळी इमानेइतबारे टपकत होती, मी स्वतः पाहिलं.

चौदांपैकी नऊ कुंड्या वाचल्या. पिवळी पडलेली पाती बुडापासून चार बोटं ठेवून छाटली. कुजलेले गड्डे फोडून त्यातला बरा भाग वेगळा लावला, त्यातले दोन जगले. पाच गेल्या त्यात ती माझ्या हातची छत्रीही. मोकळ्या कुंड्यांत सुनेने पुन्हा गवत आणायचं म्हटलं होतं, मग स्वतःच म्हणाली, राहू दे, नऊ पुरे.

अण्णांच्या रानाचंही सांगते. भावाने आणि आसपासच्या काही शेतकऱ्यांनी मिळून जमिनीखाली भोकं असलेले पाइप गाडले, निचऱ्याचे. त्यातून ते खारं पाणी बाहेर जातं. खर्च बराच आला. तीन-चार पावसाळ्यांनी दीड एकर पुन्हा काळं दिसायला लागलं. आता तिथे ठिबकवर ऊस आहे. उरलेलं दीड एकर अजून वाट बघतंय. मी गेल्या दिवाळीला गेले तेव्हा भाऊ बांधावर उकिडवा बसून मातीत बोट घालून बघत होता. मला हसूही आलं आणि पुढचं काही बोलताही येईना.

आता परत एप्रिल आहे. काल सकाळी सुनेचा मेसेज आला. "आई, आज मंगळवार, पाण्याचा दिवस. पण तीन नंबरची कुंडी अजून जड लागतेय. घालू का?"

मी लिहिलं, "नको. उद्या परत उचलून बघ."